अंधारातली बशी

चादरीची घडी अर्धीच झाली होती. दोन टोकं माझ्या हातात, दोन वन्संच्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी आपली टोकं सोडूनच दिली. पलीकडून प्रयोगशाळेतली त्यांची सोबतीण बोलत होती. वन्संनी एवढंच विचारलं, "अंधारातली बशी भरली? काठोकाठ?" मग मटकन पलंगावर बसल्या नि म्हणाल्या, "वहिनी, जंतू जगले."

जंतू जगले म्हणून एवढी हरखलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

आमच्या वन्सं जखमांवरचं औषध करतात. काही जखमांतले जंतू आता कुठल्याच औषधाला जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी वन्सं चांदीचे कण बनवतात, इतके बारीक की बाटलीत नुसतं पिवळसर पाणी दिसतं. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "हे सोनाराकडे नेलं तर तो आपल्यालाच वेड्यात काढील." या कणांवर निळा उजेड पडला की ते जंतूंना मारतात. अंधारात गप्प राहतात. म्हणजे राहायला हवेत.

घोडं अडलं होतं ते तिथेच. वन्सं थोडे जंतू कणांत कालवून दिव्याखाली ठेवायच्या, थोडे तसेच कालवून चंदेरी कागदात गुंडाळून कपाटात. मग दोन्ही वेगवेगळ्या काचेच्या बशांत पसरायच्या. जंतू जिवंत असतील तर दुसऱ्या दिवशी बशीवर ठिपके उगवतात. उजेडातली बशी स्वच्छ निघायची, पण अंधारातलीही जवळजवळ तशीच.

हे जेवताना म्हणाले, "अगं जंतूबाई, मेले ना ते? मग अंधार काय नि उजेड काय?"

"दादा, तू जेव. अंधारातही मारत असतील तर त्यांच्यावर माझा लगाम नाही. जखमेभोवतीची नवी कातडीही खातील. मला जिथे दिवा धरीन तिथेच काम करणारे हवेत."

दवाखान्याच्या डॉक्टरांची बैठक तोंडावर आली होती. रुग्णांवर वापरायला परवानगी द्यायची की नाही, ते तिथे ठरणार होतं. वन्संची इतक्या वर्षांची मेहनत त्या एका होकारावर टांगलेली. उजेडातल्या बशा दाखवल्या असत्या तर कोणी काही विचारलंही नसतं. पण त्यांनी आपण होऊन कळवलं, की अंधारातल्या बशीचं कोडं सुटेपर्यंत बैठक पुढे ढकला. हे चिडले. "आपल्याच पायावर धोंडा," म्हणाले. माझी मान मात्र मनातून ताठ झाली होती.

मग एक दिवस त्यांच्या टेबलावरची ट्यूब गेली. दुरुस्ती करणारा येईना. वन्संनी तशाच मिणमिणत्या उजेडात कपाटातले जंतू बशीत पसरले. काम करता करता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कपाटात कण गप्पच असायचे. पण कागद सोडून जंतू बशीत पसरेपर्यंत त्या स्वतःच त्यांना भगभगीत ट्यूबखाली धरायच्या. पांढऱ्या उजेडातही निळा असतोच, तेवढा त्या कणांना पुरत होता. आता ही बशी भरली तर चूक कणांची नाही, आपल्या टेबलाची, हे त्यांनी मला घरी येऊन सांगितलं.

रोज देवापुढे हात जोडते मी. पण 'देवा, जंतू वाढू देत' असं त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मागितलं.

आणि बशी भरली. चादर जमिनीवर तशीच राहिली.

एका बशीवर विसंबतील त्या वन्सं कसल्या. खिडक्यांना काळे पडदे लावून, मंद लाल दिव्यात त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. हे रोज विचारायचे, "काय जंतूबाई, आज भरली का?" आणि रोज उत्तर यायचं, "भरली." उजेडातली मात्र स्वच्छ.

आज बैठक झाली. वन्संनी आधी आपली चूक सांगितली, मग बशा मांडल्या. डॉक्टरांनी थोड्या रुग्णांवर वापरायला होकार दिला. ते कळल्यावर ह्यांनी शेजारी, दूधवाला, भेटेल त्याला सांगितलं, "आमची धाकटी आहे ती." चिडले होते, ते सोयीस्कर विसरले. मी देवापुढे बसले. माझ्या नणंदेने मान खाली घालावी लागेल असं काही केलं नाही, एवढंच सांगून उठले.

वन्सं आता लवकर झोपल्यात. सकाळी त्यांना दवाखान्यात जायचंय, निळ्या दिव्याखाली बसणाऱ्या रुग्णांसाठी डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या द्यायला.