शिवणवाल्या ताईंचा म्हातारा फोटो

गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या या गृहस्थांना कचेरीत सगळे ‘मेंदूशास्त्री’ म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत, आणि त्यांना तो मान वाटे! गिऱ्हाइकाच्या मेंदूवरचं दोन दिवसांचं प्रशिक्षण काय घेतलं, माणसाच्या डोक्याच्या सगळ्या किल्ल्या आपल्याच कमरेला असल्यासारखे वागू लागले. बायको चिडली, तर तिच्या मेंदूचा कुठला भाग दमलाय तेही सांगायचे.

“तुमचा कुठला दमलाय ते बघा आधी,” ती म्हणायची. “वर्षात अठरा गिऱ्हाइकं पळाली.”

बाई खोटं बोलत नव्हती. उरली होती सात. आणि सोमवारीच वरच्या साहेबांनी बजावलं होतं, “या महिन्यात अजून एक खातं बंद झालं, तर तुमची खुर्चीही गेली समजा.” तेव्हापासून दार वाजलं की मेंदूशास्त्री आधी येणाऱ्याच्या हातात फाइल आहे का ते बघायचे.

गुरुवारी भर दुपारी शिवणवाल्या ताई आल्या. अकरा वर्षं लोकांचे कपडे शिवून म्हातारपणासाठी पैसे टाकत आलेली बाई. हातात खात्याची फाइल. फाइल आणली म्हणजे खातं बंद करायलाच आल्या, हे यांनी ताडलं.

“दादा, मला जरा पैसे...”

“थांबा ताई! एक शब्द बोलू नका.”

प्रशिक्षणात तसंच शिकवलं होतं. गिऱ्हाइकानं मनातलं बोलून टाकलं की ते मेंदूत पक्कं बसतं, घाव त्याआधी घालायचा. म्हातारपणीचे आपण आपल्यालाच परके वाटतो, म्हणून ते म्हातारपण डोळ्यांसमोर धरायचं. त्यांनी ताईंचा फोटो काढला, फोनमधल्या अ‍ॅपनं तो तीस वर्षं पुढे ढकलला आणि त्यांच्यासमोर धरला.

“हिच्या तोंडचा घास काढायला आलात? हिला कोण बघणार, सांगा!”

ताईंचे डोळे भरले. बाण वर्मी लागला म्हणून शास्त्रीबुवांना हायसं वाटलं.

“ही तर माझी आई,” ताई म्हणाल्या. “हुबेहूब. खुब्याचं हाड मोडून भावाकडे पडलीय. तो म्हणतो, या वयात कशाला ऑपरेशन. आणि मी निघाले जावयाच्या दुकानाला निम्मे पैसे द्यायला! जावई गेला खड्ड्यात. सगळे काढा.”

“निम्मे?” यांनी फोन खाली ठेवला. निम्म्यात खातं चालू राहिलं असतं. खुर्चीही. “निम्मेच हवे होते?”

“बोलू कुठे दिलंत?”

मग शास्त्र गेलं उडत. “ताई, पाया पडतो. माझी नोकरी जाईल हो. थोडे तरी राहू द्या.”

“दादा, सगळे काढूनही ऑपरेशनला कमीच पडतायत.” त्यांनी डोळे पुसले. “हिला कोण बघणार, तुम्हीच विचारलंत ना? मी.”

शास्त्रीबुवांनी अर्ज भरला. ताईंनी सही केली.

“तो फोटो पाठवा मला. भावाला दाखवते, त्यालाही पाझर फुटेल.”

फोटो पाठवून ते साहेबांच्या केबिनकडे निघाले. अंतर वीस पावलांचं, पण वाटेत दोनदा पाणी प्यायला थांबले.