वाण लुटण्याचा तास

ग्लासगोत आम्ही मराठी बायका संक्रांतीचं हळदीकुंकू सगळ्यांना सोयीच्या शनिवारी करतो, पण वाणं लुटतो ती अगदी पुण्यातल्यासारखी. त्यामुळे माझ्या जिन्याखालच्या कपाटात चहाच्या गाळण्या, साबणाच्या डब्या, कंगवे, सोलाणी आणि झाकण न बसणारे प्लॅस्टिकचे डबे यांची भली मोठी पिशवी साठलेली असते. टाकवत नाही, वापरवत नाही. नवरा तिला अडगळ म्हणतो. त्या अडगळीनं माझा वर्ग वाचवला, हे मी त्याला अजून वरचेवर ऐकवते.

मी इथल्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवते. पूर्वी उतरत्या बाकांच्या हॉलमध्ये उभी राहून मागणी-पुरवठ्याच्या रेघा काढायचे. पोरं त्यांचे फोटो काढायची आणि परीक्षेत तेच चित्र उलटं काढून ठेवायची. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी भांडून मी टेबलं हलवता येतील असा एक सपाट वर्ग मिळवला आणि माझ्या गटाला करून बघत शिकवायला लागले. विभागप्रमुखांना ते पसंत नव्हतं. खेळ शाळेत ठीक, असं त्यांचं मत, आणि ते त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं. इथली माणसं नकारसुद्धा चहा विचारल्यासारखा देतात. एक तास ते स्वतः येऊन बघणार होते आणि मग माझा गट परत हॉलमध्ये न्यायचा का ते ठरवणार होते.

त्या तासाला मी वाणांची पिशवी घेऊन गेले.

प्रत्येकाला न बघता एक वस्तू उचलायला लावली. विभागप्रमुख मागे बसले होते, त्यांनाही सोडलं नाही. त्यांच्या हाती गुलाबी कंगवा आला. आता, त्यांच्या डोक्यावर कंगव्याला काम मिळावं असं फारसं काही उरलेलं नाही. वर्ग खाली मान घालून हसला. आपली वस्तू किती हवीशी वाटते त्याचे दहापैकी गुण द्या, असं मी सांगितलं आणि सगळ्यांच्या गुणांची बेरीज फळ्यावर लिहिली. मग म्हटलं, उठा, पटेल त्याच्याशी अदलाबदल करा, पटत नसेल तर करू नका.

जो गलका झाला तो त्या जुन्या हॉलनं कधी ऐकला नसेल. विभागप्रमुख थोडा वेळ कंगवा धरून बसून राहिले. मग एकीनं तो मागितला, तेव्हा साहेब चक्क घासाघीस करून तिच्याकडून चहाची गाळणी घेऊन आले. पुन्हा गुण घेतले. बेरीज चांगलीच वाढली होती. मी विचारलं, खोलीत एकही नवी वस्तू आली नाही, मग हे वाढलेलं आलं कुठून?

सगळे फळ्यावरच्या दोन बेरजांकडे बघत बसले. उत्तर मी सांगितलं असतं तर तो पुन्हा हॉलमधलाच तास झाला असता. विभागप्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं.

वर्गात एक मुलगी होती, इथेच जन्मलेली. तिची आई आमच्या हळदीकुंकवाला येते. वर्गात तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. तिनं हात वर केला आणि भर वर्गात मला हाक मारली, "मावशी."

तिचे कान लाल झाले. पण आता माघार नव्हती. इंग्रजीत तिनं वर्गाला सांगून टाकलं की ही सगळी लूट आहे, तिची आई आणि बाकीच्या मावश्या दर जानेवारीत एकमेकींना लुटतात. विभागप्रमुखांच्या भुवया वर गेल्या. मी घाईघाईनं खुलासा केला की आमच्यात वाण देण्यालाच लुटणं म्हणतात, आणि लूट हा शब्द इंग्रजांनी आमच्याकडूनच नेलेला असल्यामुळे त्यांनी तक्रार करू नये. ते पहिल्यांदा मोकळे हसले.

ती मात्र हसली नाही. "मला वाटायचं, लूट म्हणजे एकाचं जातं आणि दुसऱ्याचं होतं," शेजारच्या मुलाकडे बोट दाखवत ती म्हणाली. "व्यापारही तसाच, कुणीतरी हरणारच. पण मला साबणाची डबी नको होती आणि ह्याला सोलाणं नको होतं. आम्ही बदललं आणि दोघंही खूश आहोत. कुणाचंच काही गेलं नाही. वाढलेलं आमच्या दोघांमधूनच आलं."

पुस्तकात याला दोन पानं लागतात. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि ते मी लपवलंही नाही. विभागप्रमुखांनी पेन बंद करून खिशात ठेवलं. तास संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की बाकीच्या गटांसाठी अशी पिशवी कुठे मिळेल. पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाचे सगळे गट सपाट वर्गांत गेले. गाळणी त्यांनी परत केली नाही, मीही मागितली नाही.

यंदा नव्या मुलांचा हा तास, आता वरच्या वर्षाला असलेल्या त्या मुलीनंच घेतला. आईनं दिलेली स्वतःची पिशवी घेऊन आली होती. मी मागे, विभागप्रमुखांच्या जागेवर बसले. माझ्या हाती साबणाची डबी आली. मी दहापैकी दहा दिले आणि अदलाबदलीला उठलेच नाही.

ती माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही कोणाशीच swap नाही केली. माझा total खराब होईल ना."

"मला हीच हवी आहे," मी म्हटलं, "पुन्हा दहाच, घे लिहून."