माझी पट्टी सगळ्यात वर

हीलिंग सोपं असतं असं मला ज्याने सांगितलं, त्याने आयुष्यात कधी कुणाला पाण्याचा ग्लास नेऊन दिलेला नाही. तो माझा नवरा.

बदलापूरला आमच्या हॉलमध्ये दोन टेबलं आहेत. एकावर त्याचा कॉम्प्युटर, दुसऱ्यावर त्याचाच जुना लॅपटॉप, जो आता माझा. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात मी डिस्पॅच बघते. दिवसभर ट्रकवाल्यांशी भांडून घरी आले की स्वयंपाकाला लागायच्या आधी थोडा वेळ त्या लॅपटॉपवर ऑनलाइन गेम खेळायचे. एकटीच. जंगलात फिरायचं, मासे पकडायचे, रानडुकरं मारायची. दिवस जसा गेला असेल त्या प्रमाणात डुकरं मरायची. नवरा मात्र दर रविवारी दुपारी त्याच्या ग्रुपबरोबर गुहांमध्ये उतरायचा, आणि मला त्या गुहा बघायच्या होत्या.

गुहेत पाच जणच जातात. एक पुढे उभा राहून मार खातो, त्याला टँक म्हणतात. तिघं मारतात. पाचवा मागे राहून मंत्र टाकतो आणि बाकीच्यांना जिवंत ठेवतो, तो हीलर. मारणारे पैशाला पासरी, हीलर शोधून सापडत नाही. ह्यांचा हीलर नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा नवऱ्याला माझी आठवण झाली.

"तू कर ना. ईझी आहे. मागे उभं राहायचं आणि सगळ्यांकडे लक्ष ठेवायचं."

"ते मी लग्न झाल्यापासून करतेय," मी म्हटलं. "मला मारायचंय."

"मारायला आम्ही आहोत ना!"

मला एवढा राग आला की मी हो म्हटलं. माझा राग असाच उलटा चालतो. बाईला हेच काम द्यायचं असं तुमचं ठरलेलंच असेल, तर ते असं करून दाखवीन की परत कुणी सोपं म्हणणार नाही, असं मनात होतं.

टँक होता उल्हासनगरचा, कॅम्पात जीन्सची बटणं आणि चेनी विकणारा एक सिंधी दुकानदार, आमच्याहून बराच मोठा. सगळे त्याला साईं म्हणायचे. मारणाऱ्यांत एक माझा नवरा आणि त्याचे अंबरनाथचे दोन कॉलेजमित्र. हे दोघं मला वहिनी म्हणायचे आणि माझं काही चुकलं की मला न सांगता नवऱ्याला सांगायचे.

हीलरच्या स्क्रीनवर एका बाजूला पाच हिरव्या पट्ट्या असतात. एकेक पट्टी म्हणजे एकेकाचा जीव. मार बसला की पट्टी रिकामी होत जाते, मंत्र टाकला की भरते. बाकीचे राक्षस बघतात, लाव्हा बघतात, भिंतींवरची नक्षी बघतात. मी पट्ट्या बघायचे. एवढ्या हौसेने गुहेत गेले आणि गुहा काही बघायला मिळाली नाही.

शिवाय आम्ही सारखे मरायचो. जिंकलो तर साईं भारी, मित्र भारी, नवरा तर फारच भारी. हरलो की "वहिनी, हील आलं नाही." भाजी चांगली झाली तर सगळे गप्प जेवतात आणि मीठ कमी पडलं की सगळ्यांना जीभ फुटते, तसंच हे. एका रविवारी शेवटच्या राक्षसापाशी आम्ही पुन्हा आडवे झालो आणि मी चहा टाकायला आत गेले. हॉलमधून नवऱ्याचा आवाज आला.

"नेक्स्ट संडेला बघू रे. नाही जमलं तर दुसरा हीलर शोधू. तिला काय, तिची डुकरं आहेत."

चहा उतू गेला. उरलेला गाळला आणि नेऊन दिला. तिची डुकरं आहेत! मला आतपर्यंत लागलं ते. पाचातली एक जागा मला कधी नव्हे ती मिळाली होती, नावडती का असेना, आणि ती मी सोडणार नव्हते. डुकरांकडे तर मुळीच परत जाणार नव्हते.

त्या आठवड्यात कामावरून आले की रोज अनोळखी लोकांबरोबर लहान लहान गुहांमध्ये जायला लागले. शिव्या खाल्ल्या. आमच्या ट्रकवाल्यांपुढे त्या शिव्या म्हणजे आरती. पण शिकले. हिरव्या पट्ट्यांखेरीज हीलरची स्वतःची एक निळी पट्टी असते, मंत्राची ताकद. ती संपली की नुसतं बघत बसायचं. म्हणून जरासं खरचटलं की धावायचं नाही. आणि जो स्वतःच्या पायाने आगीत जाऊन उभा राहतो, त्याला सांगून कळत नसेल तर जळू द्यायचं. हे शेवटचं शिकताना मला फार आनंद झाला.

तरी एक गाठ सुटत नव्हती. एका संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून साईं ऑनलाइन होता. तो म्हणाला, "चलो दीदी, प्रॅक्टिस करते हैं." आम्ही तीन अनोळखी लोक घेऊन एका मध्यम गुहेत गेलो आणि तिथेही मेलो.

"दीदी, एक बात बोलू? हर बार पहले तुम मरती हो. उसके बाद हम सब."

"तुम्हाला वाचवता वाचवता मरते, साईं."

"वो ठीक आहे. पण तुमची खुद की पट्टी किधर आहे?"

"सगळ्यात खाली."

"गेम तो ऊपर देता है. नीचे किसने लिया?"

मी स्क्रीनकडे बघितलं. मीच घेतली होती. पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन, ताटं मांडावीत तशा मी पट्ट्या लावल्या होत्या. वर साईंची, मग नवऱ्याची, मग त्याच्या दोन्ही मित्रांची आणि तळाला माझी. वरून भरत भरत खाली यायचे आणि माझ्यापर्यंत पोचेस्तोवर निळी पट्टी कोरडी झालेली असायची.

"ऊपर लो," साईं म्हणाला. "दुकान ही बंद हो गया तो गिऱ्हाईक किधर जाएगा?"

मी लॅपटॉप मिटला आणि कणीक मळायला घेतली. आमच्या घरी आधी सासरे आणि नवरा जेवतात, मग सासूबाई, मग मी. माशाच्या कालवणात माझ्या वाट्याला शेपटाची तुकडी येते. मला शेपूट आवडतं अशी घरात पक्की समजूत आहे. मला ते अजिबात आवडत नाही. नुसते काटे. पण शेवटी बस असं मला ह्या घरात कुणी कधी सांगितलेलं नव्हतं, आणि ह्याचाच मला जास्त संताप आला. सांगितलं असतं तर भांडले तरी असते.

रविवारी मी माझी पट्टी सगळ्यात वर घेतली.

आम्ही चारच्या सुमारास उतरलो आणि शेवटच्या राक्षसापर्यंत कुणी मेलं नाही. राक्षस मोठा होता, आग ओकणारा. पहिला मंत्र स्वतःवर, दुसरा साईंवर, मग बाकीचे. नवरा नेहमीसारखा आगीच्या कडेला जाऊन उभा राहिला तशी मी ओरडले, "अरे मागे हो! मागे हो म्हणते ना!" आईंसमोर, म्हणजे सासूबाईंसमोर, मी त्याला अहो म्हणते. त्या सोफ्यावर शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला, पण माझ्या डोळ्यांना फक्त पट्ट्या दिसत होत्या.

तेवढ्यात आत नळ खरखरला. आमच्याकडे पाण्याची वेळ ठरलेली आहे, पण ती पाण्याला माहीत नाही. आई बारवी धरणाकडच्या गावातल्या. पाणी म्हटलं की त्या आधी हाक मारतात, मग बाकीचा विचार.

"पानी आयला गो! ऊठ, पिंप लाव!"

एरवी मी उठले असते. हात कीबोर्डवर तसेच ठेवून म्हणाले, "आई, मी उठले तर पाचही जण मरतील. ह्यांना सांगा. हे उठले तर काही बिघडत नाही."

"काय बिघडत नाही?" नवरा माझ्याकडे वळला. "मी मारतोय इथे!"

"अजून दोघं मारतायत."

हेडफोनमध्ये साईं शांतपणे म्हणाला, "जाओ भाई, पानी भरो. दीदी कहीं नहीं जाएगी."

तो उठला. ह्या घरात नळाचा आवाज ऐकून तो उठलेला मी पहिल्यांदाच पाहिला. स्क्रीनवर त्याचा योद्धा आगीच्या कडेला तसाच उभा राहिला, मग आग सरकली आणि त्याची पट्टी उतरायला लागली. मी ती भरली नाही. जो पिंप भरायला गेलाय त्याच्यावर मंत्र वाया घालवायचा नसतो. साईंची पट्टी दोनदा तळाला गेली, दोनदा मी ती वर आणली. माझी हलली की आधी माझी. राक्षस कोसळला तेव्हा चौघं उभे होतो.

नवरा गुडघ्यापर्यंत भिजून बाहेर आला.

"मी मेलो?"

"मेलास," मी म्हटलं.

अंबरनाथच्या मित्राचा आवाज आला, "वहिनी, नेक्स्ट संडेला किती वाजता?" त्याने मला विचारलं होतं. मी चार सांगितले. मग हेडफोन काढला आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती गुहा नीट बघितली. छताला निळे दगड होते. सुंदर होती.

संध्याकाळी सुरमईचं कालवण होतं. सासरे आणि नवरा पाटावर येऊन बसले. मी पहिलं ताट माझं वाढलं, त्यात मधली तुकडी घेतली, मग त्या दोघांची वाढली आणि माझं ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसले. आई पळी हातात धरून उभ्या राहिल्या.

"आज लय भूक लागली गो?"

"रोजच लागते, आई. बसा तुम्हीपण."

त्या बसल्या नाहीत. पण परातीतली गरम भाकरी उचलून त्यांनी ती माझ्याच ताटात घातली. नवऱ्याने वाटीत बोट घालून बघितलं.

"मला शेपूट?"

"गोड असतं. खा."

मी पोटभर जेवले. कोणी मेलं नाही.