न कापलेला दोर

तब्रीझच्या डोंगरवेड्यांमध्ये यशारला सगळे 'हमाल' म्हणत आणि तो ते हसण्यावारी न्यायचा. धंद्याने तो बूट शिवणारा. पण दर उन्हाळ्यात मंडळाची माणसं आगगाडीने सरहद्द ओलांडून तुर्कस्तानात, वान शहराकडच्या डोंगरांत निघाली, की सामान यशारच्या ताब्यात. बर्फ फोडायच्या कुऱ्हाडी, लोखंडी कड्या, तंबू, दोर सगळं तोच बांधायचा. सरहद्दीवरच्या राझी स्टेशनात तपासणीसाठी उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. कुणी मध्ये लुडबुड केली तर खेकसायचा, "सरक बाजूला, तू बांधलंस तर वानला पोचेपर्यंत निम्मं सांडेल!"

आधी तो स्वतःही चढायचा. अकरा वर्षांपूर्वी त्याचा जिवलग एल्दार कड्यावरून पडून गेला, तेव्हापासून त्याने चढणं सोडलं. गाडी मात्र सोडली नाही. लोक म्हणायचे, दोस्तीला जागतो हो बिचारा. कसला बिचारा! दुसऱ्या कुणाच्या हातात दोर द्यायची त्याची छातीच होत नव्हती.

मंडळाचा एक नियम होता. दोराने एकदा कुणाचं पडणं झेललं की तो दोर बाद. बाद झालेल्या दोराचे त्याच दिवशी हातभर तुकडे करायचे, म्हणजे चुकूनही कुणी तो डोंगरावर नेणार नाही. एल्दार गेला त्या वर्षी असा एक निळा दोर बाद झाला होता आणि यशारने तो कापला नाही. गाडीतली बोचकी बांधायला लांबलचक, मजबूत दोर हवा होता ना! राझीला तपासनिसाने सगळी बोचकी सोडायला लावली, फलाटभर पसारा झाला, गाडीने शिटी दिली. धांदलीत यशारने बोचकी आवळली ती तशाच निळ्या, पण नव्या दोराने, आणि जुना गेला चढाईच्या पिशवीत. डोंगराच्या पायथ्याशी बोचकी सोडताना हातातल्या दोराचा नवा करकरीतपणा त्याला जाणवला आणि घोळ लक्षात आला. तोवर एल्दार पुढे गेलेला होता, सगळ्यांसाठी कड्यावर दोर लावून ठेवायला. यशार ऊर फुटेस्तोवर धावला. तो पोचला तेव्हा उशीर झाला होता. तुटलेला दोर त्याने आपल्या पिशवीत कोंबला आणि मागून आलेल्यांना सांगितलं, "दगड सुटला."

यंदा त्याच गाडीत एल्दारची बायको सोल्माझ होती. तिला तो कडा एकदा डोळ्यांनी बघायचा होता. डब्यात बरोबर मंडळातलं एक जोडपं होतं, ते जेवणाच्या डब्याकडे गेलं. सोल्माझने लवाशच्या रोटीत पनीर आणि अक्रोड गुंडाळून यशारपुढे धरलं.

"घ्या यशारभाऊ. सकाळपासून नुसता चहा ढोसताय. पोट आहे की चहाचा समोवार?"

"भूक नाही वहिनी."

"तुम्हाला? अहो, नवरोजला माझं अर्धं पातेलं तुम्ही एकटे संपवता." ती हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा उतरला. "एक विचारू? खरं सांगाल?"

यशारने पेला खाली ठेवला. कळलं हिला, त्याला वाटलं. कुठून तरी कळलं.

"एल्दारचा दोर अडकवायचा कमरेचा पट्टा निघण्याआधी मी शिवून दिला होता," सोल्माझ म्हणाली. "पट्टा परत आला तेव्हा माझी शिवण तुटलेली होती. दगडबिगड काही नव्हता ना? तुम्ही सगळे माझ्यासाठी खोटं बोललात. माझे टाके सुटले, म्हणून तो गेला."

तब्रीझमध्ये नवरीचा पोशाख शिवावा तर सोल्माझने, असं बायका म्हणायच्या. एल्दार गेल्यावर तिने शिवणयंत्र विकून टाकलं, ते दुःखाने, असंच यशार धरून चालला होता.

गप्प बसला असता तरी चाललं असतं. "छे छे, दगडच होता," एवढं म्हणून सुटला असता. पण ही बाई अकरा वर्षं त्याच्या वाटचं भोगत होती, आणि तो दर नवरोजला तिच्याच घरी पोटभर जेवून येत होता. त्याला स्वतःची किळस आली.

"वहिनी, शिवण आम्ही कापली. सुरीने. खाली आणल्यावर त्याला मोकळं करायला." तो म्हणाला. "तुमचा एक टाका सुटला नव्हता. दोर तुटला. बाद झालेला दोर. मी कापला नव्हता, आणि राझीच्या गडबडीत मीच चुकीच्या पिशवीत टाकला."

गाडी एका बोगद्यातून गेली.

"लेकीच्या लग्नाचा पोशाख मी परक्या बाईकडून शिवून आणला," सोल्माझ म्हणाली. "माझी लेक रडली, आई तू शिव म्हणाली. मी हात लावला नाही. म्हटलं, माझ्या हाताला पाप लागलंय. तू त्या लग्नात होतास, यशार. नाचलास."

अकरा वर्षांत ती पहिल्यांदा त्याला अरेतुरे करत होती.

"माफी मागू नकोस. आत्ता नको. मला ऐकवणार नाही." तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिकडेच बघत तिने विचारलं, "त्याला कळलं होतं का रे? दोर हातात घेतल्यावर? तो तर सगळं दहादा तपासून बघायचा."

"सगळ्यांचं तपासायचा," यशार म्हणाला. "माझ्या हातून आलेलं नाही."