व्याह्याच्या पिकअपमधलं बूच

“सील बदलायला गाडी दिल्ती, मिस्त्री! ही धूर कामून सोडायलीय?”

भानुदासअण्णा चिटगुप्प्यातल्या माझ्या गॅरेजसमोर ओरडत होते. पिकअप चालू होती, खालून धूर निघत होता. बाकड्यावर त्यांच्याच गावची गिऱ्हाइकं कान टवकारून बसलेली. सगळे अद्रकवाले शेतकरी. माझा निम्मा धंदा त्याच गावावर चालायचा.

झालं असं होतं. अण्णांनी ही जुनी पिकअप घेतली आणि घेतल्यापासून तिचं ऑइल गळायचं. इंजिनात क्रँकशाफ्ट म्हणजे मुख्य दांडा फिरतो. त्याच्या दोन्ही टोकांना रबराची कडी असते, आतलं ऑइल बाहेर येऊ नये म्हणून. तेच ऑइल सील. पुढचं सील सोपं. मागचं असतं क्लचच्या बाजूला, त्याच्यासाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. कंबरडं मोडतं. मी दोन्ही सीलं बदलली.

पण जुनी सीलं बघतो तर रबर चांगलं मऊ. फाटलेलं न्हाई, झिजलेलं न्हाई, नुसतं जाग्यावरून बाहेर ढकललेलं. मग ब्रीदर बघितला. इंजिनात साठलेली हवा ज्या पाइपातून बाहेर जाते तो ब्रीदर. त्यात कुणीतरी सायकलची ट्यूब गुंडाळलेलं लाकडी बूच ठोकून बसवलं होतं. अस्सल हरामखोरी! इंजिन आतून झिजलं की ब्रीदरमधून धूर येतो. बूच मारलं की धूर दिसत न्हाई, गाडी विकायला मोकळी. आत कोंडलेला दाब मग सील ढकलून बाहेर येतो. मी बूच काढलं. गळती बंद झाली, धूर दिसायला लागला.

चारचौघात अण्णांची लाज जायला नको म्हणून त्यांना आत नेलं. सगळं समजावून सांगितलं, बूच हातावर ठेवलं.

“गाडी कुणाची घेतलीत?”

अण्णा हळूच म्हणाले, “कडगंचीच्या व्याह्याची.”

“घेताना बघितली न्हाई?”

“सोयऱ्याच्या गाडीचं बॉनेट उघडून बघतेत व्हय, मिस्त्री? काय म्हणला असता त्यो?”

तेही खरंच. आमच्याकडं सोयऱ्याचा माल तपासला म्हणजे सोयऱ्यालाच चोर म्हणल्यासारखं. त्यात लग्न अजून व्हायचं होतं. अण्णांची लेक त्या घरात द्यायची ठरलेली, पत्रिका वाटून झालेल्या.

आम्ही बाहेर आलो. बाकड्यावरून एकजण म्हणाला, “गाडी ज्याची घेतली त्यालाच इचारा की फोन लावून.” अण्णांना न्हाई म्हणता येईना. फोन स्पीकरवर लागला.

“आमच्याकडं असताना धूर कधी न्हवता बघा,” व्याही म्हणाला. “तुमच्या मिस्त्रीनंच काय तर केलंय.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मुठीतलं बूच गुपचूप खिशात घातलं.

“व्हय व्हय, मिस्त्रीनंच इंजिन बिघडवलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

माझं डोकंच फिरलं. “ते खिशातलं बूच दाखवा की लोकांना!”

“कसलं बूच?” अण्णा म्हणाले. आणि बाकड्यावरचे सगळे माझ्याकडं बघायला लागले.

गाडीत बसताना अण्णा कानाशी येऊन पुटपुटले, “लेकीचा सवाल हाय, मिस्त्री. समजून घ्या.”

“आणि माझ्या नावाचं काय?”

“लोकं इसरतेत हो.”

लोकं न्हाई इसरली. अण्णांनी दुसऱ्या गॅरेजातून ब्रीदर पुन्हा बुजवून घेतला. लेकीची वरात त्याच गाडीतून, धुराशिवाय निघाली. पुढं सीलं परत सरकली, ऑइल रस्त्यात सांडून गेलं आणि हुमनाबादच्या वाटेवर इंजिन जाम झालं. गावात बोभाटा माझाच झाला, की सीलं ह्यानंच घातलती. अद्रकवाल्यांच्या गाड्या आता माझ्या दारावरून हॉर्न न वाजवता पुढं जातात.

व्याह्याचा मला राग न्हाई, तो चोरच होता. राग अण्णांचा येतो. त्यांना खरं माहीत होतं, आणि ते मी सांगितलं होतं.

तेव्हापासून बिघाड सापडला की मालकाला आत नेत न्हाई. बाकड्यावरच्या लोकांसमोर दाखवतो. लाज ज्याची त्यानं सांभाळावी.