आचाऱ्याने भरलेल्या डब्या

सौदीत हुफूफजवळच्या आमच्या कामगार कॅम्पवर कंपनीने आतड्याच्या कॅन्सरची मोहीम काढली. पन्नाशी उलटलेल्या आम्हा अकरा जणांना शौचाच्या नमुन्यासाठी डब्या दिल्या, टोप्या घातल्या आणि फोटो काढले. मी मॅनेजरला म्हटलं, "रिपोर्ट वाईट आला तरी माणसाला घरी पाठवणार नाही, एवढं लिहून द्या." तो नुसता हसला. लिहून द्यायला त्याच्या बापाचं काय जात होतं?

तब्येतीत खोट निघाली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खलास, हे कॅम्पवर सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्यातला आचारी रत्नागिरीचा, आजवर डोकंही न दुखलेला. बाकी आम्ही दहाही जणांनी आपापल्या डब्या त्याच्यापुढे धरल्या.

"मेल्यांनो, जेवणही माझंच आणि हेही माझंच?" असं म्हणत त्याने सगळ्या भरून दिल्या.

अकराही डब्यांत रक्त निघालं. कोणाचं, ते आम्हाला लगेच कळलं.

मी मोहिमेच्या डॉक्टरला खरं सांगितलं आणि सौदा मांडला, "आम्हाला काय ती शिक्षा करा, पण याचा इलाज इथेच करा." तो म्हणाला, "मला फक्त तपासणीचा हुकूम आहे." मग टोप्या तरी कशाला वाटल्या?

आठवड्यात आचाऱ्याला कायमचं घरी पाठवलं. निघताना तो मला म्हणाला, "भाऊ, आता आपापल्या डब्या भरा." आम्ही तयार होतो. पण मोहिमेचे फोटो छापून झाले होते. डब्या काही पुन्हा आल्या नाहीत.