उशाशी बसणारी बेबाबाई

दोंडाईचा मागे पडलं तशी बेबाबाई म्हणाली, "कमल, तू पुढं चाल. मधी जागा ठेव."

शेजारची कमलबाई, शाळेत शिकवणारी, तिला दोंडाईच्याहून घरी न्यायला आली होती. तिनं जागा ठेवली. पायवाटेच्या दोन्हीकडं कपाशीच्या वाळक्या काड्या, टळटळीत दुपार, पाखराचाही आवाज नाही. मागून बेबाबाई हळूच म्हणाली, "चाल माय, ऊन शे." कमलबाईनं वळून पाहिलं. मधल्या रिकाम्या वाटेवर कुणीच नव्हतं. तिनं मनात देवीचं नाव घेतलं.

कुणाच्या घरी देवी आल्या की आजाऱ्याच्या उशाशी बसायला बेबाबाईला बोलावणं यायचं. तिला देवीची लस टोचलेली होती. दंडावरचा वण ती दागिन्यासारखा दाखवायची. हिला काही होत नाही, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं. देवीला एकटं वाटू नये म्हणून बसणारीनं आजाऱ्याच्याच गोधडीत झोपायचं, हा रिवाज. दाराला लिंबाचे डहाळे, खिडकीला गोणपाट, वारा म्हणून नाही. या उन्हाळ्यात ती अशा एका खोलीतून उठली की दुसरीत जायची.

टोचणारे तोतारामभाऊ तिला म्हणाले होते, "अक्का, लस बरंच अडवते. पण आजारी माणूस वाटेत भेटणं वेगळं आणि कोंडलेल्या खोलीत रोज त्याचाच श्वास घेणं वेगळं. विष जास्त गेलं की लस कमी पडते. तुमचं टोचणंही जुनं झालंय."

"माले टोचीसन आता तूच घाबरस का रे?" ती हसली होती.

ओढ्यापाशी कमलबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"खाली ठेव. लांब हो."

बेबाबाईचे डोळे लाल झाले होते, ओठ सुकले होते.

"अक्का, ताप आहे?"

"कालपासून. कंबर मोडून पडस."

"मघाशी कुणाशी बोलत होतात?"

"तिच्याशीच, देवीशी. इतके दिवस मी तिच्या मागं जायची, आज ती माझ्यासंगं घरी येई राहिनी."

कमलबाईनं तांब्या खाली ठेवला आणि ती मागं सरली. बेबाबाई काठावर टेकली.

"ऐक. माझी सून पोटुशी शे. मी पडले की ती रिवाजानं माझ्या गोधडीत येईल. तिलाही टोचलंय, म्हणून ती भ्यायची नाही. तुझं ती ऐकते. तिला उंबऱ्याआत येऊ देऊ नको. खिडकीचं गोणपाट काढ, दार उघडं ठेव, पाणी बाहेरूनच सरकव. लोक बोलतील, बोलू दे. देवीजवळ मी एकटी बसेन, पण सुनेला आत सोडू नको, कमल."